बंद संगणक हाकेला ओ का देत नव्हता?

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि जुन्या संगणकांचं करायचं काय, हा प्रश्न कॉलेजांपुढे उभा राहिला. लिनक्स हे त्याचं चांगलं उत्तर आहे. पण अमरावती-अकोल्यात लॅब सांभाळणाऱ्यांनी ते टाकल्यावर एक गोष्ट आधी तपासावी: रात्री बंद केलेली यंत्रं सकाळी एका जागेवरून सुरू होतात का? नाही झाली, तर ती रात्रभर चालूच ठेवली जातात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या वऱ्हाडात याचा अर्थ वाढीव बिल आणि तापलेली खोली.

ही सोय म्हणजे वेक-ऑन-लॅन. संगणक बंद असला तरी नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळत राहते आणि ते शेतात जागलीला बसलेल्या माणसासारखं कानोसा घेत असतं. सहा ‘एफएफ’ बाइट, पाठोपाठ स्वतःचा मॅक पत्ता १६ वेळा, असा १०२ बाइटचा संदेश आला की ते यंत्राला उठवतं.

२०१८मध्ये लिनक्सच्या आर८१६९ ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच बिघडलं. रिअलटेकची कार्डं त्यावर चालतात आणि स्वस्त मदरबोर्डांवर तीच सर्रास असतात. स्लीपमधला संगणक उठायचा. पूर्ण बंद केलेला उठत नसे. ड्रायव्हर सांभाळणारे हायनर काल्वाइट यांच्या दुरुस्तीत कारण स्पष्ट नोंदलं आहे. शटडाउन होताना नेटवर्क इंटरफेस आधीच बंद झालेला असे. तो बंद दिसला की ड्रायव्हर ‘फाय’ही निजवून टाकी. फाय म्हणजे केबलवरचा सिग्नल झेलणारा कार्डाचा भाग. मग संदेश आला तरी ऐकणार कोण? इंटरफेस बंद असेल तर वेक-ऑन-लॅनचा विचारच करायचा नाही, असा बदल आधी झाला होता. काल्वाइट यांनी तो मागे घेतला. आता वेक-ऑन-लॅन चालू असेल तर इंटरफेस बंद केल्यावरही फाय जागा राहतो, हा परिणामही त्यांनी लिहून ठेवला.

मला या प्रामाणिक नोंदीचं मोल फार वाटतं. फाय जागा राहिला तर थोडी वीज जाते खरी; पण ती चिमूटभर वीज वाचवायला जावं आणि अख्खी लॅब रात्रभर चालू ठेवायची वेळ यावी, ही बचत नव्हे.

म्हणून चाचणी स्लीपमधून आणि पूर्ण बंद करून, दोन्ही प्रकारे घ्यावी. बायोसमधला ‘ईआरपी’ पर्याय कार्डाची वीज तोडत नाही ना, तेही पाहावं. आपल्या अभियांत्रिकी कॉलेजांत नेटवर्कच्या ओएसआय नमुन्याचे सात थर पाठ करून घेतले जातात. त्यातल्या सर्वांत खालच्या थराचं काम करतो तो हा फाय. या ड्रायव्हरचा कोड सर्वांना खुला आहे. एक तरी तास विद्यार्थ्यांसमोर तो उघडा आणि ही दुरुस्ती ओळीनं वाचून घ्या.