दगडाचा पत्ता

आंबेगाव तालुक्यात डिंभ्याच्या परिसरात रस्त्यासाठी डोंगर कापलेला दिसला की थांबावे आणि तो खालून वर पाहावा. तळाला घट्ट काळा पाषाण. त्यावर भोकाभोकांचा, पहारीला लवकर दाद देणारा मांजऱ्या. मध्येच कुठे तांबड्या मातीचा पट्टा आणि त्यावर पुन्हा काळा पाषाण. विहीर खोदणाऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो, कारण पाणी कुठे लागणार हे त्यावरच ठरते. भूवैज्ञानिकाला त्यात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे एकावर एक पसरलेले थर दिसतात. तांबडा पट्टा म्हणजे दोन थरांमधल्या उसंतीत उन्हापावसाने झिजलेली जमीन.

हे सगळे डोंगरावर ठेवून अभ्यास होत नाही. नमुना घ्यावा लागतो, आणि घेण्याची रीत काटेकोर असते. वरची कुजलेली, पिवळसर साल हातोड्याने उडवायची, आतला ताजा दगड मुठीएवढा काढायचा, त्यावर तिथल्या तिथे क्रमांक घालायचा. तोच क्रमांक वहीत लिहून त्यापुढे जागेचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, कितवा थर, थराचा माथा की तळ आणि तारीख नोंदवायची. नकाशाचा क्रमांकही हवा. डिंभे, घोडेगाव हा भाग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ ई या नकाशात येतो. खडकाचे चुंबकत्व मोजायचे असेल तर तुकडा डोंगरात कोणत्या दिशेला, किती कलता बसला होता याची खूण तो काढण्यापूर्वीच करावी लागते. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, स्वतःच इतका चुंबकीय की होकायंत्राची सुई त्याच्याजवळ ढळू शकते. म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा घेतात. पुढे प्रयोगशाळेत दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, काही भाग दळून त्यातली मूलद्रव्ये मोजतात. उरलेला तुकडा मात्र जपायचा असतो, उद्या दुसऱ्या कुणाला तीच मोजणी पुन्हा करून पाहता यावी म्हणून.

अशा हजारो तुकड्यांतून दख्खनच्या पाषाणाची उतरंड लागली. १९८०च्या दशकात भारतीय आणि परदेशी संशोधकांनी घाटाघाटांतून, थराथरातून नमुने घेतले. नुसते पाहून सारखे वाटणारे थर त्यांनी स्ट्रॉन्शियम, बेरियम, टायटॅनियम यांच्या प्रमाणावरून वेगळे केले आणि त्यांचे गट पाडून त्यांना गावांची नावे दिली. भीमाशंकर हे त्यातल्या एका गटाचे नाव. या गटाच्या तळाशी ‘मंचर’ आणि माथ्याशी ‘गिरवली’ नावाचा थर येतो. हे दोन्ही थर डोळ्यांनी ओळखू येतात, कारण त्यांत फेल्स्पारचे लांबट, पांढुरके स्फटिक असतात, काही तर चांगले बोटाच्या पेराएवढे. ज्या गिरवलीच्या डोंगरावर आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभी आहे, तीच ही गिरवली. आकाश पाहायला तिथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना पायाखालचा दगडही कुणी दाखवावा, असे मला फार वाटते. दख्खनच्या पाषाणावर काम करणाऱ्या जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला आंबेगाव तालुक्यातली मंचर आणि गिरवली ही नावे ठाऊक असतात.

जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी आहे. तिथल्या नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच्या सोबतीने आदिमानवाची दगडी हत्यारे. महाराष्ट्रात तेव्हा ज्वालामुखी नव्हता. राख आली ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, वाऱ्याबरोबर. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तिचे वय सुमारे १४ लाख वर्षे आले. पुढच्या एका मोजणीत ते ६.७ लाख झाले. इतर संशोधकांनी राखेतल्या काचकणांची रासायनिक जुळणी केली आणि ही टोबाच्या सर्वांत अलीकडच्या, म्हणजे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची राख असल्याचे मांडले. त्यावरही आक्षेप आले. हत्यारे घडवणारी माणसे कुकडीच्या खोऱ्यात कधी वावरत होती, हे बऱ्याच अंशी या एका आकड्यावर अवलंबून आहे. एवढा वाद चालू शकला, कारण राख कुठल्या काठावरून, कितव्या थरातून घेतली याच्या नोंदी होत्या आणि तपासायला राख होती. नोंद नसलेली राख नुसती राख.

आपल्या भागातल्या सुंदर स्फटिकांचे काय झाले पाहा. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हॅन्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. पण कित्येक जुन्या स्फटिकांच्या चिठ्ठीवर नुसते ‘पूना’ लिहिलेले असते. खाण कोणती, थर कोणता, काही नाही. शोभेला तो ठीक. अभ्यासाला त्याचा उपयोग फारच थोडा.

घोड नदीवरचे डिंभे धरण, त्याचा हुतात्मा बाबू गेनू सागर हा जलाशय आपण पाहतो. पण असे कुठलेही धरण उभे राहण्याआधी पायात बोअर घ्यावे लागतात. हिऱ्याच्या दातांचे पोकळ कटर खडकात उतरते आणि दगडाचा दंडगोल वर येतो. त्याला कोअर म्हणतात. कोअर पेटीत मांडतात तो पुस्तकाच्या ओळींसारखा, डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ. मधे मधे खोली लिहिलेले लाकडी ठोकळे. जिथे कोअर आलाच नाही ती जागाही दाखवावी लागते, कारण खडक तिथेच कच्चा असण्याचा संभव जास्त. दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज करून खडकाचा दर्जा ठरवतात. पेटी उलटी झाली, ठोकळे हलले, की सगळी मेहनत वाया. धरण झाल्यावर या पेट्या अडगळ होऊ नयेत; भिंतीतून पाझर वाढला किंवा जवळून बोगदा काढायचा झाला तर पहिली गरज त्यांचीच पडते.

कोअरचे मोल किल्लारी आणि कोयनेने दाखवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतला, तेव्हा बेसाल्ट ३३८ मीटर जाड असल्याचे कळले. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचे मूळ शोधण्यासाठी सुमारे दीड किलोमीटर खोलीचे अनेक बोअर घेतले. रासाटीच्या बोअरमध्ये ९३२.५ मीटर बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइट लागला. मधे गाळाचा थरच नव्हता. कोयनेचे हे काम कराडजवळ हजारमाची येथे केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने उभारलेल्या प्रयोगशाळेकडे आहे.

डिंभ्याच्या वरच्या अंगाला माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. अशा वेळी अभ्यासकाला मागे जावे लागते: उतार किती होता, खडकावर माती किती जाड होती, पाणी कुठून मुरत होते, आधी लहान दरडी कुठे सुटल्या होत्या. आधीच्या नोंदी नसतील तर ही उत्तरे अंदाजावर उरतात. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशभर दरडप्रवण भागांचे नकाशे करण्याचा कार्यक्रम २०१४ मध्ये हाती घेतला. ते ‘भूकोश’ या तिच्या संकेतस्थळावर पाहता येतात. २०२३च्या डिसेंबरात राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारही खुले झाले. आपल्या गावाचा नकाशा ग्रामपंचायतीने एकदा तरी उघडून पाहावा.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या निरीक्षण विहिरींची पातळी दरवर्षी ठरल्या वेळी मोजते आणि स्वतःच्या बोअरची थरवार नोंद ठेवते. खासगी बोअरचे काय? यंत्र चालू असते, चुरा बाहेर उडत असतो, काळ्याचा तांबडा होतो, तांबड्याचा पुन्हा काळा, आणि सगळा बांधावर पसरतो. दर दहा फुटांना मूठभर चुरा पिशवीत भरून वर गट नंबर, खोली, तारीख आणि पाणी किती फुटांवर लागले एवढे लिहायला दोन मिनिटे पुरतात. जुन्नर-आंबेगावातल्या एखाद्या हायस्कुलाने किंवा महाविद्यालयाने या पिशव्या घ्यायचे ठरवले, तर एका कपाटापासून सुरुवात होईल. शेतकऱ्याच्या हाती आज फक्त बिल येते आणि त्यावर एकूण फूट.