बेंच प्रेस : पकड आणि पहारा

ओवे गावाच्या चहूबाजूंनी खारघर-तळोज्याच्या वसाहती वाढल्या, त्यांच्यामागोमाग व्यायामशाळाही आल्या. आणि त्यांतील तरुण अंगठा बाराला न वेढता, निव्वळ तळहातावर वजन तोलून बेंच मारताना दिसतात, तेव्हा या विषयाच्या माझ्यासारख्या भोक्त्याला चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या पकडीत बार निसटून थेट छातीवर वा गळ्यावर यावयाचा, तिला आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमावलीत सक्त मनाई आहे, व उलट्या पकडीसही तीच. दोन्ही तर्जनींमधील अंतर ८१ सेंटिमीटरहून अधिक नसावे, यासाठी बारावर खुणा कोरलेल्या असतात. २०२३ पासून आणखी एक अट आली : बार छातीला टेकला असता कोपराचा खालचा भाग खांद्याच्या वरच्या पातळीइतका वा तिच्याखाली उतरलाच पाहिजे. पाठीची भरमसाट कमान करून वजनाचा प्रवास बोटभर उरवणाऱ्यांना ही अट जाचली. मला ती रास्त वाटते.

स्पर्धेच्या मंचावर किमान दोन व कमाल पाच मदतनीस तैनात असतात. बार उचलून हाती देण्याची त्यांना मुभा आहे. परंतु पंचाच्या ‘स्टार्ट’ या हुकमापासून ‘रॅक’ या हुकमापर्यंत त्यांचा बाराला स्पर्श झाला, तर तो प्रयत्न बाद. अर्थात वर ढकलताना वजन पुन्हा खाली येऊ लागले, की क्षणाचाही विलंब न लावता दोन्ही टोके धरणे हेच त्यांचे कर्तव्य. आपल्याकडे मात्र मदतनीस मधोमध बोटे लावून ‘तुझंच आहे, तुझंच आहे’ म्हणत निम्मे वजन स्वतःच उचलतो!