नातवंड आजोळी, सही कोणाची?

उन्हाळ्याची सुटी लागली की आईबाप नोकरीच्या गावी राहतात आणि मुले आजोळी जातात. रीत जुनी आणि सुखाची आहे. परंतु मध्यरात्री एखाद्या नातवाच्या पोटात कळ उठावी, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगावे आणि संमतिपत्राचा कागद आजीपुढे यावा, म्हणजे तिचा हात थबकतो. मुलगी-जावई दुबईला, फोन लागत नाही. आजीची सही चालेल काय?

मायेचा हक्क आजीचा खराच. पण कायद्याच्या दृष्टीने ती नैसर्गिक पालक नव्हे. हिंदूंपुरता 1956 चा पालकत्वाचा कायदा हा मान बापाला व 'त्याच्यानंतर' आईला देतो. (बाप हयात असला तरी त्याच्या गैरहजेरीत आई पालकच, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात 1999 साली सांगितले. आयांना ते आधीच ठाऊक होते!) त्या यादीत आजी, मामा, वसतिगृहाचे गृहपाल यांपैकी कोणीच नाही.

तथापि फौजदारी कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. जुन्या दंडसंहितेचे कलम 89 आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 27 यांत पालकाच्या जोडीला आणखी एक माणूस उभा केला आहे: बारा वर्षांखालील मूल ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे, तो. मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या उपचाराला त्याचीही संमती, काही अपवाद वगळता, डॉक्टरांना संरक्षण देते. आईबापांनी मूल विश्वासाने सोपविले असेल, तर आजी या वर्णनात बसू शकते. पण सोपविले आहे, हे रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरांनी कशावरून जाणावे?

म्हणून आम्ही म्हणतो, मूल गाडीत बसविण्यापूर्वी एक पत्र लिहा. मुलाचे नाव व जन्मतारीख, ज्यांच्याकडे पाठवितो त्यांचे नाव व नाते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आईबापांचे फोन नंबर, आणि खाली शक्यतो दोघांच्याही सह्या. सोबत ओळखपत्राच्या प्रती. दोन साक्षीदार असले, नोटरीचा शिक्का असला तर पत्राचे वजन वाढते. मुलाला कोणते औषध सोसत नाही, दमा वा फेफरे आहे काय, हेही लिहावे. घाबरलेल्या माणसाला नेमके तेच आठवत नाही.

'वाटेल तो उपचार करावा' एवढे मोघम लिहू नये. 2008 साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्याला लागू होत नाही. तो खटला प्रौढ स्त्रीचा होता, पण धडा येथेही घेण्याजोगा आहे. तपासणी, भूल, रक्त देणे, तातडीची शस्त्रक्रिया यांचा वेगवेगळा उल्लेख करावा. अशा पत्राने पालकत्व हस्तांतरित होत नाही. आईबाप ते केव्हाही मागे घेऊ शकतात. थांबता येण्याजोग्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाने त्यांचीच सही मागितली, तर डॉक्टरांवर रागावू नये. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठीही रुग्णालये पालकाची सही मागतात, तेव्हा पत्र त्यांनाही द्यावे.

आणि प्राणावरच बेतले तर? संहितेच्या कलम 30 खाली याचेच उदाहरण दिले आहे: अपघातात सापडलेले मूल, पालकाला विचारण्यास वेळ नाही, मूल नको नको म्हणते आहे, तरी शल्यवैद्य त्याच्या भल्यासाठी शस्त्रक्रिया करतो. तो गुन्हेगार नव्हे. अशा वेळी पत्र शोधण्यासाठी आजीने घरी परत जाऊ नये. मुलाला घेऊन तडक रुग्णालय गाठावे.