त्वचेची गोष्ट : घाईचा रिपोर्ट

लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण नागीण पाहिली. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून बसतो आणि पुढे कधीतरी अंगाच्या एका बाजूला फोडांचा पट्टा उठवतो. वैद्यकात तिला हर्पिस झोस्टर म्हणतात. आज त्याच कुळातला दुसरा विषाणू, हर्पिस सिम्प्लेक्स. ‘हर्पिस’चं मूळ ग्रीक, अर्थ सरपटणं, आपला ‘सर्प’ही त्याच धातूच्या गोतातला. नावं एवढी जवळची असल्यामुळे घोळही होतात. आजीच्या फाइलवर ‘हर्पिस’ वाचून नातू मोबाइलवर शोधतो आणि हबकतो. आजीला झालेली असते नागीण. नातवापुढे उघडलेली असते जननेंद्रियांच्या हर्पिसची माहिती.

या दुसऱ्या हर्पिसच्या धास्तीनं येणारा माणूस आधी दार नीट लागलंय ना ते बघतो, मग बोलायला लागतो. दोन दिवसांपूर्वी निरोधाशिवाय संबंध आला, तेव्हापासून झोप नाही. “डॉक्टर, रक्ताच्या सगळ्या टेस्ट आजच लिहून द्या.” त्याला उत्तर आज हवं असतं, आणि हर्पिसच्या बाबतीत आजच्या रक्तात ते नसतंच.

मी आधी विचारतो, नेमके किती तास झाले? कारण घाई करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी २८ दिवसांचं औषध असतं आणि ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. ते गरजेचं आहे का, हे डॉक्टर ठरवतील. पण हर्पिसच्या विचारात तीन रात्री घालवल्या, तर ठरवायलाही काही उरत नाही.

आता हर्पिस. लागण झाली आणि लक्षणं दिसणार असतील, तर ती साधारण दोन ते बारा दिवसांत दिसतात: आधी मुंग्या किंवा आग, मग पाणी भरलेले बारीक फोडांचे पुंजके, ते फुटून दुखणाऱ्या जखमा. फोड उठलाच, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. ताज्या फोडाच्या तळाचा स्वॅब घेऊन केलेली पीसीआर ही सगळ्यांत भरवशाची चाचणी. फोड सुकला, खपली धरली की तिचा उपयोग घटतो. तोवर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून चोळू नका. जखमेचं रूपच बदलतं आणि निदान अवघड होतं.

फोडच नसेल, तर राहते रक्ताची चाचणी. ती विषाणू शोधत नाही, शरीरानं त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधते. ती पुरेशी तयार व्हायला बारा आठवडे लागू शकतात. म्हणून चौथ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट दिलासा देत नाही आणि चौथ्या दिवशी पॉझिटिव्ह आला, तर ती लागण बहुधा जुनी असते. ‘आयजीएम’ चाचणी तर या कामी टाळलेलीच बरी. जुना आजार उलटला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. ‘आयजीजी’ करायची ती या विषाणूचे प्रकार एक आणि प्रकार दोन वेगळे सांगणारी.

त्यातही प्रकार एक पॉझिटिव्ह आला म्हणून हादरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांत तो असतो, बऱ्याचदा बालपणापासूनच. तापात ओठाच्या कडेला फोड उठवतो, तोच हा. शरीरात तो नेमका कुठे बसलाय, ते रक्त सांगत नाही. आयजीजी रिपोर्टातला प्रकार दोनचा आकडा (इंडेक्स) १.१ ते ३ च्या दरम्यान असेल, तर रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच असते. तो वेगळ्या पद्धतीनं पडताळून घ्यावा.

मधल्या बारा आठवड्यांचं काय? दिवसातून दहा वेळा आरशात पाहणारा माणूस नसलेली खाज ओढवून घेतो. अँटिसेप्टिकनं पुन्हा पुन्हा धुतलं, तर खरोखरच आग होते आणि ती हर्पिसच्या खाती जमा होते. एकदा, आंघोळीनंतर पाहा. चाचणीची तारीख मोबाइलमध्ये टाका. घरातल्या कालनिर्णयवर नको! गरमी म्हणजे सिफिलिस, कावीळ ब आणि एचआयव्ही यांच्या चाचण्या कधी करायच्या, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. सरकारी रुग्णालयांत यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात, १०९७ ही हेल्पलाइन आहे. झोप उडाली असेल, तर टेलिमानसचा १४४१६ क्रमांक आहे.

आणि हर्पिस निघालाच, तर? विषाणू शरीरातून जात नाही, पण असायक्लोव्हिरसारख्या गोळ्यांनी तो आटोक्यात राहतो. लागण झालेल्या बहुतेकांना तर तिचा पत्ताही नसतो. पहिला फोड कधी वर्षांनी उठतो. त्यामुळे आज दिसलेल्या फोडावरून जोडीदारावर कालच्या बेइमानीचा आरोप करता येत नाही. घरात कुणी गरोदर असेल, तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा. शेवटच्या महिन्यांत झालेली नवी लागण बाळाच्या जिवावर बेतू शकते.

एवढं मात्र पाळा. बारा आठवड्यांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट जोडीदाराला पुरावा म्हणून दाखवू नका. तोवर निरोध वापरा, आणि निरोधानं धोका कमी होतो, संपत नाही, हेही त्या व्यक्तीला सांगा.