आरंभींच राखलेली जागा

पंगत एकदां बसली म्हणजे मधलीं दहा पानें सलग मोकळीं करून देणें कोणत्याहि यजमानास साधत नाहीं. मागून येणाऱ्यांसाठीं जागा राखावयाची, तर पाट मांडतांनाच ती राखावी लागते. संगणकाच्या स्मृतीचेंहि असेंच आहे.

कारखान्यांतील यंत्राच्या पोटांत बसविलेल्या लहान संगणकाकडे पुष्कळदां दोन भिन्न प्रकारचीं कामें असतात. पडदा दाखविणें, नोंदी ठेवणें हीं कामें लिनक्स ही कार्यप्रणाली पाहते. यंत्राचा हात ठरल्या क्षणीं थांबविणें हें काम मात्र एका वेगळ्या, छोट्या कार्यक्रमाकडे सोंपविलेलें असतें. तेथें क्षणाचा विलंब झाला तर माणसास इजा व्हावयाची. या दोघांनीं एकमेकांच्या हद्दींत पाऊल टाकूं नये म्हणून वर जो पहारेकरी नेमतात, त्यास हायपरव्हायझर म्हणतात. सीमेन्स कंपनीनें २०१३ सालीं सर्वांस खुला केलेला 'जेलहाउस' हा असाच एक पहारेकरी. नांवास शोभेल अशा रीतीनें तो प्रत्येक कामास स्वतंत्र कोठडी देतो.

परंतु हा पहारेकरी कामावर रुजू होतो तो लिनक्स सुरू झाल्यानंतर. तोंवर लिनक्सनें सारी स्मृति आपली मानून तिची वांटणी चालविलेली असते. म्हणून त्याची जागा लिनक्सला आरंभीं मिळणाऱ्या आज्ञेच्या ओळींतच राखावी लागते. जेलहाउसच्या प्रात्यक्षिकांत इंटेल धाटणीच्या संगणकासाठीं 'मेममॅप' या शब्दानें ९२८ मेगाबाइटच्या पुढील ८२ मेगाबाइट जागा राखलेली आहे. आकार व पत्ता यांच्यामध्यें डॉलरचें चिन्ह असतें. 'ही जागा वापरूं नये,' असा त्याचा अर्थ.

घोटाळा पुष्कळदां या चिन्हापाशींच होतो. ओळ लिनक्सच्या हातीं पडण्यापूर्वीं ग्रब नांवाच्या आरंभक कार्यक्रमाकडून जाते. तेथें डॉलर म्हणजे 'पुढील नांवाऐवजीं त्याचें मूल्य घाला'. साहजिकच चिन्ह वाटेंतच लोपतें आणि आज्ञेचा अर्थ उलटतो: '८२ मेगाबाइट राखा' याऐवजीं 'केवळ ८२ मेगाबाइटच वापरा'! मग यंत्र नीट सुरूहि होत नाहीं. ग्रबच्या मांडणीची फाइल दोनदां वाचली जात असल्यामुळें चिन्हापूर्वीं तीन उलट्या तिरप्या रेघा द्याव्या लागतात.

शोध घेण्याचा मार्ग सोपा आहे. 'प्रॉक' या फोल्डरांतील 'सीएमडीलाइन' ही फाइल आज्ञा प्रत्यक्ष कशी पोंचली तें दाखविते; 'आयओमेम' ही फाइल जागा खरोखर राखली गेली कीं नाहीं तें सांगते. आर्म धाटणीच्या संगणकावर जागा राखण्याची सूचना बहुधा 'डिव्हाइस ट्री' या वर्णनपत्रांत असते. तेथें 'नो-मॅप' हा शब्द घातल्यास लिनक्स त्या भागाचा नकाशाहि ठेवीत नाहीं.

पहारेकऱ्याची स्वतःची जागा राखलेली नसेल, तर जेलहाउस सुरूच होत नाहीं व चूक ताबडतोब उघड होते. कोठडीच्या जागेंत चूक झाली, तर मात्र ती लपून राहते. सारें सुरळीत चाललें आहे असें वाटतें. पुढें केव्हां तरी लिनक्स त्या जागेस स्पर्श करतें आणि पहारेकरी त्यास जागच्या जागीं थांबवितो. म्हणून राखलेली जागा आणि जेलहाउसच्या मांडणींत लिहिलेली जागा यांचे आंकडे आधींच ताडून पाहावेत. पाट मांडतांना केलेली मोजणी पंगत उठेपर्यंत उपयोगीं पडते.