गारपिटीनंतरची वर्षं
पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्याचा पट्टा. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या होऊन या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तर इथे दुहेरी फटका बसतो: मृग बहराची फळं तोडणीला आलेली असतात आणि आंबिया बहर नुकता धरत असतो.

नुकसान त्या हंगामापुरतं थांबत नाही. गारांनी साल फुटते, जखमेतून बुरशी शिरते, फांद्या वाळू लागतात. म्हणून मोडक्या फांद्या लगेच छाटाव्यात आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावं: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. झाड मेलंच, तर नव्या कलमाला फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात.

सरकारी मदत राजस्व पुस्तक परिपत्र 6-4 नुसार मिळते. त्यासाठी पटवाऱ्याकडून पाहणी करून घ्यावी, फोटो जपून ठेवावेत.

या काळात घरचा कर्ता माणूस गप्प राहू लागला, त्याची झोप उडाली, तर ते अंगावर काढू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं. बागेआधी माणूस सावरला पाहिजे.