विश्लेषण : अ‍ॅप कोसळले, तर पंचनामा कोण करते?

मोबाइलवरचे अ‍ॅप मध्येच बंद पडते, ‘अहवाल पाठवायचा का’ असे विचारले जाते आणि आपण काहीतरी दाबून पुढे जातो. त्या अहवालाचा गाभा म्हणजे एक यादी. बिघाडाच्या क्षणी कोणत्या फंक्शनचे काम सुरू होते आणि त्याला कोणी बोलावले होते, हे त्यात असते. ही यादी मिळवण्याच्या कामाला ‘स्टॅक अनवाइंडिंग’ म्हणतात. ते करणाऱ्या छोट्या लायब्ररी सांभाळणे आणि तपासणे हे सॉफ्टवेअरच्या दुनियेतले किचकट काम मानावे लागेल.

स्टॅक अनवाइंडिंग म्हणजे काय?

प्रोग्राममधले एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते, दुसरे तिसऱ्याला. प्रत्येक वेळी ‘काम झाले की इथे परत ये’ असा पत्ता नोंदवला जातो. या नोंदी ताटांच्या चळतीसारख्या मेमरीत रचल्या जातात; हीच चळत म्हणजे स्टॅक. बिघाड झाला की वरच्या ताटापासून खालपर्यंत वाचत जायचे. हे फक्त अ‍ॅप कोसळल्यावरच लागते असे नाही. ‘सी प्लस प्लस’ भाषेत ‘एक्सेप्शन’ फेकले गेले, तर ते हाताळणाऱ्या फंक्शनपर्यंत याच वाटेने मागे जावे लागते. अ‍ॅप कुठे संथ होते हे शोधणारी साधनेही यावरच चालतात.

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी, की ताटे एकाच मापाची नसतात. पूर्वी प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीकडे बोट दाखवणारा ‘फ्रेम पॉइंटर’ असे. वेग वाढवण्यासाठी कंपायलर तो गाळू लागले. त्याऐवजी कोणत्या सूचनेपाशी परतीचा पत्ता कुठे सापडेल, याचे तक्ते फाइलमध्ये ठेवले जातात. तक्ता चुकला की मागही चुकतो. या त्रासाला कंटाळून फेडोरा ३८ (२०२३) आणि उबुंटू २४.०४ (२०२४) या लिनक्स आवृत्त्यांनी वेगात थोडे नुकसान सोसून फ्रेम पॉइंटर परत आणले.

त्यात प्रत्येक प्रोसेसरची तऱ्हा वेगळी. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर परतीचा पत्ता थेट स्टॅकवर जातो. मोबाइलमधल्या एआरएम प्रोसेसरवर तो आधी एका रजिस्टरमध्ये राहतो. फंक्शनने पुढे कोणाला बोलावलेच नाही, तर तो स्टॅकवर कधीच न येण्याची शक्यता असते. काही नव्या एआरएम चिपवर सुरक्षेसाठी पत्त्यावर जणू सही केलेली असते. ती बाजूला काढल्याशिवाय पत्ता वाचता येत नाही.

‘लिबअनवाइंड’ कुठून आली?

या क्षेत्रातली जुनी आणि बरीच वापरली जाणारी लायब्ररी म्हणजे लिबअनवाइंड. ह्युलेट-पॅकार्डमध्ये डेव्हिड मोसबर्गर यांनी इटॅनियम प्रोसेसरवरच्या लिनक्ससाठी ती सुरू केली. लिनक्सच्या मूळ गाभ्यातून इटॅनियमचा आधार ६.७ आवृत्तीत काढला गेला, पण लायब्ररी टिकली आणि एआरएम, पॉवरपीसी, रिस्क-व्ही अशा अनेक प्रोसेसरांवर पोहोचली. ‘एलएलव्हीएम’ या कंपायलर प्रकल्पाची याच नावाची वेगळी लायब्ररी आहे. नावाच्या या घोळात नवखे हमखास अडकतात.

चाचणी इतकी कठीण का?

कारण ही लायब्ररी कामाला लागते तेच सगळे बिघडल्यावर. आग लागलेल्या घरात उभे राहून पंचनामा करण्यासारखे हे काम आहे. स्टॅकच खराब झालेला असू शकतो, म्हणून मेमरी वाचण्याआधी पत्ता खरा आहे का हे पाहावे लागते. नेहमीच्या पद्धतीने नवी मेमरी मागावी, तर ते दार आधीच अडलेले असू शकते. त्यामुळे चाचण्यांत प्रोग्राम मुद्दाम कोसळवला जातो, शून्य पत्त्यावर उडी मारायला लावला जातो, एकेक सूचनेवर थांबवून माग नीट लागतो का हे पाहिले जाते.

तरीही चाचणी फसवते. समजा, यादीत पाच फंक्शन दिसायला हवीत आणि दिसतात चार. दोष लायब्ररीचा असेलच असे नाही. हुशार कंपायलरने एक फंक्शन दुसऱ्यात विरघळवून टाकलेले असू शकते. म्हणजे चाचणीच दुरुस्त करायची! कंपायलरची नवी आवृत्ती आली की हा खेळ पुन्हा सुरू.

सगळ्यात मोठा प्रश्न यंत्रांचा. सांभाळणाऱ्यांच्या टेबलावर प्रत्येक प्रोसेसर नसतो. ‘क्यूईएमयू’सारख्या साधनाने दुसरा प्रोसेसर भासवता येतो, पण सिग्नल येतो त्या क्षणाचे बारकावे तिथे खऱ्या यंत्रासारखेच वागतील याची खात्री नाही. काही चाचण्यांवर मग ‘इथे नापास होणे अपेक्षित’ असा शिक्का बसतो. शिक्का मारणे सोपे. तो नंतर काढायचा कोणी?

चुकले तर काय बिघडते?

माग अर्धवट राहिला तर निदान ते कळते. चुकीचा माग मात्र निर्दोष फंक्शनवर ठपका ठेवतो आणि दुरुस्ती करणाऱ्याचे दिवस वाया जातात, अ‍ॅप तर कोसळतच राहते. एक्सेप्शनच्या वाटेत चूक झाली तर आणखी वाईट, कारण हाताळता येण्यासारखी चूकही पूर्ण प्रोग्राम बंद पाडते.

नव्या चिपचा आधार बहुधा त्या चिपमध्ये रस असलेले अभियंते लिहून देतात. नंतर त्यांचे काम बदलते, कोड मात्र लायब्ररीतच राहतो. डेबियनसारख्या लिनक्स वितरणात तेच पॅकेज अनेक प्रकारच्या प्रोसेसरांवर बांधून पाहिले जाते. कित्येकदा एखाद्या प्रोसेसरवर माग तुटतो आहे, हे त्याच वेळी उघड होते.